पायथनमध्ये आकडा छापताना: दशांश स्थळं की सार्थ अंक?

पाण्याच्या तपासणीचे रिपोर्ट छापणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहीत होतो. सगळे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायचे, असं ठरवून टाकलं. टेस्टिंगसाठी पाऱ्याचं प्रमाण लिटरला ०.००४१८७ मिलिग्रॅम टाकलं, तर रिपोर्टवर आलं ०.००. वाचणाऱ्याला वाटणार, पारा नाहीच! प्रत्यक्षात पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पाऱ्याची मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम आहे. पारा चौपटीहून जास्त आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ.

चूक कुठे झाली? फॉरमॅट कोडमधलं 'एफ' हे अक्षर दशांश चिन्हानंतरची घरं मोजतं. सार्थ अंक, म्हणजे सिग्निफिकंट डिजिट्स, मोजायचे ते शून्य नसलेल्या पहिल्या अंकापासून. आपल्या आकड्यात ते ४, १, ८, ७. सुरुवातीची शून्यं फक्त जागा दाखवतात.

म्हणून 'एफ'ऐवजी 'जी' वापरा. टिंब, तीन आणि जी असा कोड दिला की पारा ०.००४१९ छापला जातो आणि त्याच रिपोर्टमधला टीडीएस ४८६.३७२ असेल तर ४८६. नियम एकच, लहान-मोठे दोन्ही आकडे नीट.

पण तीन गोष्टी सांभाळा.

१. टीडीएस १२३४.५ असेल तर 'जी' त्याचं १.२३ई+०३ करतो. पूर्णांक भागातले अंक मागितलेल्या अंकांपेक्षा जास्त झाले की असं होतं. अशा वेळी 'जी'चं उत्तर पुन्हा फ्लोटमध्ये बदला आणि शून्य दशांश स्थळांच्या 'एफ'ने छापा. १२३० मिळेल.

२. 'जी' शेवटची शून्यं गाळतो. ०.००४२० चं ०.००४२ होतं. शून्य ठेवायचं असेल तर कोडमध्ये टिंबाआधी हॅश चिन्ह द्या. मात्र मग ४८६ च्या पुढेही एक टिंब लटकतं, ते काढून टाका.

३. गोल केलेला आकडा फक्त दाखवायला. मर्यादेशी तुलना मूळ आकड्याचीच करा. नाहीतर ०.००१०००४ चं ०.००१ होईल आणि मर्यादा ओलांडलेलं पाणी पास होईल.

आणि किती सार्थ अंक ठेवायचे? मोजणारं यंत्र जितके अंक खात्रीने देतं, तितकेच. त्यापुढचे अंक पायथन छापेल, पण त्यांना काही अर्थ नसतो.