विक्रम गोखले : वाणी आणि मौन

विधवेशी विवाह केल्याबद्दल १८९३ साली ज्या मुरुड गावाने आपल्याच धोंडो केशव कर्वे यांस वाळीत टाकले, तेथील श्रोत्यांस जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ नाटकाचा विषय समजावून सांगण्याचे कारण नाही. १९७७ साली विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले. केशवपनाची रूढी आणि घराण्यातील वेडाची छाया यांत होरपळणारा बॅरिस्टर विक्रम गोखले यांनी उभा केला.

अभिनय त्यांच्या घरी पिढीजात. पणजी दुर्गाबाई कामत व आजी कमलाबाई यांनी १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात भूमिका केल्या; स्त्रीने पडद्यावर येणे कुलीन घरास लांछन वाटे, असा तो काळ! वडील चंद्रकांत गोखले हेही नामांकित नट. मात्र १९४५ मध्ये पुण्यास जन्मलेल्या विक्रमरावांस संवादातील विरामाची जागा स्वतःच शोधावी लागली. ती वारशाने मिळत नसते.

कॅमेरा जवळ आला की नाटकी आविर्भाव उघडा पडतो. दूरचित्रवाणीवरील ‘अग्निहोत्र’ मालिकेत त्यांनी तो कटाक्षाने टाळला. ‘अनुमती’ चित्रपटात अत्यवस्थ पत्नीचे कृत्रिम श्वसन थांबविण्यास संमती द्यावी की नाही, या पेचात सापडलेल्या निवृत्त शिक्षकाची घालमेल त्यांनी पुष्कळशी अबोलपणेच दाखविली. त्या भूमिकेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

२०१६ मध्ये घशाच्या विकारामुळे त्यांस रंगभूमी सोडावी लागली. पडदा मात्र सुटला नाही. ‘गोदावरी’ चित्रपटगृहांत लागून पंधरा दिवस होतात न होतात तोच, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.