खांब पुढे की घर पुढे?

अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. आधी डावा डोळा मिटून पाहा, मग उजवा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे सरकलेला दिसतो ना? आता हात लांब करून तेच करा. अंगठा कमी सरकतो. या सरकण्याला 'पराशय' म्हणतात. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे ६.५ सेंटिमीटर अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला थोडे निराळे चित्र दिसते. या फरकावरून मेंदू वस्तूचे अंतर ताडतो.

इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८ साली सिद्ध केले. हाताने काढलेली दोन किंचित वेगळी चित्रे त्यांनी आरशांच्या साहाय्याने दोन डोळ्यांना दाखवली, आणि सपाट रेघांतून भरीव आकृती उभी राहिली! हाच स्टिरिओस्कोप. पुढे १८६१ च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप तयार केला. त्याचे पेटंट त्यांनी घेतलेच नाही, त्यामुळे तो घरोघरी पोचला. त्यातली भिंगे नाकाकडे पातळ आणि बाहेरच्या कडेला जाड असतात. त्यामुळे कार्डावरची दोन छायाचित्रे मध्ये सरकून एकावर एक बसतात.

आपली मुंबईही अशा कार्डांवर टिपली गेली. जेम्स रिकल्टन यांची भारताची दृश्ये अंडरवूड अँड अंडरवूड या अमेरिकन कंपनीने विकली. मुंबईच्या चोरबाजारात अशा जुन्या वस्तू धुंडाळणारे शौकीन आजही भेटतात.

गिरगावातील माझ्या एका स्नेह्यांच्या चाळीतल्या खोलीत आजोबांच्या वेळचा असा स्टिरिओस्कोप निघाला. "सर, यातून पाहिले की डोके गरगरते. भिंगे बिघडलीत का?" त्यांनी विचारले. मी पाहिले. रस्त्यावरचा दिव्याचा खांब घराला झाकत होता, म्हणजे तो पुढे हवा. पण दिसत होता घराच्या मागे रुतल्यासारखा! भिंगे उत्तम होती. कार्ड निरखले तेव्हा उलगडा झाला. कोणीतरी छायाचित्रे सोडवून पुन्हा चिकटवली होती, आणि डावे उजवीकडे गेले होते. पराशय उलटा झाला की जवळचे दूर आणि दूरचे जवळ भासते. झाकण्याची खूण एक सांगते, पराशय दुसरेच सांगतो. मग मेंदू गोंधळणारच!

स्नेही कात्री घेऊन आले. मी त्यांना थांबवले. शंभर वर्षांचा कागद एकदा फाटला की संपले. आम्ही मोबाइलने कार्डाचा फोटो काढला, तेवढ्याच आकारात छापला आणि प्रत कापून बाजू बदलल्या. खांब मुकाट्याने पुढे आला! त्यामागे रस्ता खोलवर पसरला. आजोबांनी पाहिलेला तो रस्ता नातू पाहत होता.

म्हणूनच जाणकार संग्राहक लाकडाच्या चकाकीआधी कार्ड तपासतो. दोन्ही छायाचित्रे शाबूत आहेत का? त्यांत खरोखर फरक आहे का? एकच छायाचित्र दोनदा चिकटवलेले असेल तर खोली दिसत नाही. काही घरांत 'दोन्ही सारखीच' म्हणून एक अर्धे फ्रेममध्ये जाते आणि दुसरे रद्दीत. रद्दीत जाते ती चित्राची खोलीच.

तुमच्या घरातल्या जुन्या पेटीत असे जोडचित्र आहे का? पाहा बरे! मात्र कात्री दूर ठेवा.