गवत कापायचं यंत्र घेताना

धुळ्याला देवपुरात आमच्या वन्संचं घर आहे. पुढे लॉन, कडेनं मेंदीचं कुंपण, मागे पेरू नि लिंबू, आणि भिंतीला लागून एक रिकामा प्लॉट. प्लॉटचे मालक पुण्याला. मृगाचे दोन पाऊस झाले की तिथलं गवत गुडघ्याला लागतं आणि श्रावणात कमरेला. एका श्रावणी सोमवारी पूजेची फुलं तोडायला गेलेल्या वन्संना जास्वंदीच्या बुंध्याशी घोणस दिसली. नातू पाच पावलांवर खेळत होता. सर्पमित्रांना बोलावलं, ते घोणस घेऊन गेले, पण घरातल्या कुणाच्याही घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही. दुसऱ्याच दिवशी पेट्रोलवर चालणारं, नायलॉनच्या दोरीनं गवत कापणारं यंत्र घरी आलं.

यंत्र स्वस्तातलं होतं आणि तो पावसाळा अगदी झकास गेला. पुढच्या आषाढात मात्र दोरी ओढून ओढून त्यांच्या यजमानांचा खांदा धरला, तरी ते हूं की चूं करीना. घेतलं त्या दुकानात दुरुस्ती नव्हती. शेवटी शेतकऱ्यांचे फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकनं ते उघडलं, हुंगलं आणि म्हणाला, "ताई, मशीन चांगलं शे, पेट्रोल सडी गयं!"

दिवाळीपासून टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बुरेटरच्या बारीक भोकांत बसलं होतं. तेवढ्या काळात रिकाम्या प्लॉटवरचं गवत पुन्हा कमरेला लागलं होतं.

ही हकिगत अशासाठी सांगितली की यंत्र घेताना आपण किंमत विचारतो, ताकद विचारतो, रंगसुद्धा बघतो, आणि खरी गोष्ट विसरतो. खानदेशात हे यंत्र जेमतेम साडेतीन महिने चालतं आणि बाकीचे महिने कोपऱ्यात पडून असतं, तेही त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात. तेव्हा दुकानात ते कसं गुरगुरतं यापेक्षा पुढच्या जूनमध्ये सुरू होईल का, आणि नाही झालं तर ते सुरू करून देणारा माणूस रिक्षाच्या अंतरावर आहे का, हे आधी पाहायचं.

मुळात तुम्हाला पेट्रोलचं यंत्र हवंच का, हेही विचारून घ्या. घरापुढे अर्ध्या गुंठ्याची, म्हणजे पाचेकशे चौरस फुटांची हिरवळ असेल आणि व्हरांड्यात प्लग असेल, तर विजेवरचं छोटं यंत्र पुरतं. ते हलकं असतं, आवाज कमी करतं आणि पेट्रोलची कटकट नाही. फक्त ओल्या गवतात वायर ओढत फिरायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन-तीन गुंठ्यांचं आवार, मागची गल्ली, गटाराचा काठ, शेजारचा मोकळा प्लॉट असा पसारा असेल तरच पेट्रोलच्या वाटेला जा. आणखी एक, लॉन गालिच्यासारखं सपाट दिसावं अशी हौस असेल तर त्याला चाकांचं, ढकलायचं लॉनमूव्हर लागतं. दोरीचं यंत्र कडा, कोपरे आणि माजलेलं गवत यांच्यासाठी. त्यानं सगळं लॉन कापलं तर न्हाव्यानं घाईत केस कापल्यासारखं दिसतं.

या दोरीच्या यंत्राची जन्मकथाही मजेची आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ नृत्यशाळा चालवीत. 1971 साली मोटार धुण्याच्या केंद्रात गाडीवर गरगर फिरणारे ब्रश त्यांनी पाहिले आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत असंच का कापू नये, असं त्यांच्या मनात आलं. घरी येऊन त्यांनी लाह्यांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यांत मासे धरायची नायलॉनची दोरी ओवली आणि डबा यंत्रावर फिरवून पाहिला. आज आपल्याकडे ज्याला कुणी ग्रास कटर म्हणतं, कुणी ब्रश कटर, त्यातल्या दोरीच्या चकतीचं मूळ ते.

आता निवडीकडे वळू. दुकानात पहिला प्रश्न येईल, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? टू स्ट्रोक हलकं आणि स्वस्त, सात-आठ हजारांपासून मिळतं. पण त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळून घालावं लागतं. पुस्तिकेत पन्नासास एक लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलिलिटर तेल, पंचविसास एक असेल तर 40. हे प्रमाण अंदाजानं चालत नाही. तेल कमी पडलं तर इंजिन आतून घासून जाम होतं, जास्त झालं तर धूर नि काजळी. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं टोपण यासाठी उत्तम, मात्र एकदा तेलाला वापरलं की त्यावर रंगानं खूण करा आणि औषधाच्या कपाटात परत जाऊ देऊ नका. घरात यंत्र दोघा-तिघांच्या हातात जाणार असेल तर एखादा नुसतं पेट्रोल ओतणारच, हे गृहीत धरा. आमच्या ओळखीत एक नवंकोरं इंजिन असंच अर्ध्या तासात गेलं.

फोर स्ट्रोकमध्ये तेल वेगळं असतं, पेट्रोल साधंच घालायचं. होंडाच्या 35 सीसीच्या इंजिनात तेल फक्त 100 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका लहान कपाइतकं लागतं. पण ते थोडंसं तेल वेळेवर बदलावं लागतं: पहिल्यांदा दहा तास चालल्यावर, मग साधारण दर पन्नास तासांनी किंवा सहा महिन्यांनी. यंत्र जरा जड, किंमत नावाजलेल्या कंपनीची घेतली तर वीस हजारांच्या पुढे. माझं मत विचाराल तर ज्या घरात यंत्र कधी मालक, कधी मुलगा, कधी रोजंदारीचा माणूस चालवतो, तिथे फोर स्ट्रोकच घ्यावं. वरचे पैसे एका बिघाडात वसूल होतात. यंत्र एकाच शिस्तीच्या माणसाच्या हातात राहणार असेल तर टू स्ट्रोकला नावं ठेवायचं कारण नाही.

ताकदीच्या मोहात पडू नका. घरच्या हिरवळीला 25 सीसी पुरतं, पावसाळी रानगवताला 35 सीसी. "वहिनी, पन्नास सीसीचं घ्या, झाडसुद्धा कापेल," असं दुकानदार म्हणेल. आपल्याला झाड कापायचं नाही. ते वजन खांद्यावर घेऊन अर्धा तास उभं राहून बघा म्हणजे कळेल. पाठीवरच्या पिशवीसारखी बांधायची यंत्रंही येतात, पण ती बहुधा जमिनीवर ठेवून सुरू करायची आणि मग पाठीवर चढवायची असतात. घराला बाजूला लटकवायचं, रुंद पट्ट्याचं यंत्र सोयीचं.

दुकानात यंत्र थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. आधीच चालवून तापवलेलं असलं की पहिल्या ओढीत सुरू होतंच. दोरी स्वतः ओढून पहा. तुम्हाला ओढवत नसेल तर घरात एकच माणूस ते चालवणार, हे समजून चला. मग विचारा: दोरीची चकती, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, सुरू करायची दोरी हे सुटं मिळतं का? आत्ता कपाटातून काढून दाखवता? "मागवून देऊ" म्हणाले की पाऊस संपतो. जळगावला काय नि धुळ्याला काय, शेती अवजारांची दुकानं भरपूर आहेत आणि बांधावरचं गवत कापायला शेतकरी हीच यंत्रं नेतात. तेव्हा ज्या कंपनीची यंत्रं तुमच्या भागातल्या मेकॅनिकच्या बाकावर उघडी पडलेली दिसतात ती आपली. बाकावर दिसतात म्हणजे वाईट असं नव्हे. त्यांचे भाग मिळतात आणि कुणाला तरी ती जोडता येतात. शक्य असेल तर खरेदीच्या आधीच त्या मेकॅनिकला गाठून विचारा. तो दुकानदारापेक्षा खरं सांगतो.

यंत्राबरोबर दोरीची चकती आणि लोखंडी पातं दोन्ही येतात. घराच्या आवारात दोरीच बरी. भिंतीला, फरशीला लागली तर तुटते आणि चकती जमिनीवर हलकेच टेकवली की नवी बाहेर येते. पातं दगडावर आदळलं तर यंत्र हातातून झटका घेतं. पण दोरी बिनधोक आहे असंही समजू नका. आंब्याच्या नाहीतर कडुनिंबाच्या कोवळ्या रोपाची साल ती सोलून काढते, आणि बुंध्याभोवतीची साल पूर्ण निघाली की रोप गेलंच. रोपाभोवती हातभर आळं मोकळं ठेवा. आणि जळगावकरणींनी खास सांभाळायचं ते ठिबक. आपल्याकडे बागेत ठिबकच्या नळ्या नाहीत असं घर विरळाच, आणि गवतात लपलेली नळी दोरीपुढे क्षणभरही टिकत नाही. कापायच्या आधी नळ्या गुंडाळून झाडाला टांगाव्यात.

गाजर गवतावर मात्र हे यंत्र चालवू नका. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे गवत आता कुठे नाही? त्यानं अंगावर पुरळ उठतं, दम्याचा त्रास वाढतो. यंत्रानं त्याचे तुकडे नि परागकण तोंडावर उडतात आणि बुंध्यातून ते पुन्हा फुटतं. फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. त्याला दुसरा उपाय नाही.

आता जे सांगते ते सांगताना मला आजही कसंतरी होतं. आमच्याकडे जळगावला गवत कापायला एक म्हातारबुवा येत. यंत्र नवं, आम्ही हौसेनं त्यांच्या हातात दिलं. चष्मा बरोबर आला होता, तो खोक्यातच राहिला. कुणाला आठवलंच नाही. दहाव्या मिनिटाला एक खडा उडून त्यांच्या डोळ्याखाली लागला. बोटभर वर लागता तर डोळा गेला असता. टाका पडला, डॉक्टरांचं बिल आम्ही दिलं, पण ते बिचारे "माझंच चुकलं" म्हणत राहिले. चूक आमची होती. तेव्हापासून चष्मा, कानात घालायचे बोळे आणि बूट हे यंत्राच्याच खुंटीला टांगलेले असतात आणि ते घातल्याशिवाय यंत्र खाली निघत नाही. यंत्रावरचं प्लास्टिकचं संरक्षक झाकण "अडचण होते" म्हणून काही जण काढून टाकतात. ते काढू देऊ नका. चालू असताना पन्नास फुटांच्या आत मुलं, मोटारीच्या काचा, शेजारणीची वाळत घातलेली कुरडई काही नको. स्वतः चालवणार असाल तर साडी आणि ओढणी दोन्ही बाद. जाड पँट आणि बूट. गवत उंच असेल तर आधी काठीनं आपटून घ्या आणि तिन्हीसांजेला हे काम काढू नका.

पेट्रोल पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघरापासून आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर ठेवायचं, आणि महिन्यात संपेल इतकंच आणायचं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे साठवलेलं पेट्रोल पूर्वीपेक्षा लवकर बिघडतं. यंत्राच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालेल ते लिहिलेलं असतं; घेण्यापूर्वी तेवढी ओळ दुकानदाराकडून वाचून घ्या. टाकी भरायची ती इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

गवतही फार खाली कापू नका, दोन बोटं राहू द्या. आश्विनातलं ऊन आपल्याकडे असं लागतं की मुंडण केलेली हिरवळ आठवड्यात पिवळी पडते.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पूजेला काढतोच. तोवर गवताचा जोरही ओसरलेला असतो. त्याच दिवशी या यंत्राची टाकी रिकामी करायची, मग ते सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बुरेटरमध्ये थेंब राहत नाही. प्लग काढून आत चार थेंब तेल सोडायचं, दोरी दोन-तीनदा हलकेच ओढायची आणि प्लग परत लावायचा. एअर फिल्टर स्वच्छ करून, जुन्या चादरीत गुंडाळून यंत्र खुंटीला टांगायचं. हळदकुंकू वाहायचं ते मग.

आणि मेकॅनिककडे जायचं ते आखाजीच्या आसपास. तेव्हा तो मोकळा असतो. जूनमध्ये त्याच्या दारात फवारणी पंपांची रांग लागते आणि तुमचं यंत्र त्या रांगेत सगळ्यात शेवटी.

वन्संचं तेच स्वस्तातलं यंत्र आजही चालतं. गेल्या पावसाळ्यात तर पुण्याच्या प्लॉटमालकांनीच फोन करून विचारलं, "आमच्या जागेतलं गवतही कापून घ्याल का? पैसे देऊ." वन्संनी हो म्हटलं, पण पेट्रोलचे नि माणसाचे पैसे आधी मागून घेतले.