हरित हायड्रोजन आणि स्वस्त विजेचा प्रश्न

लालबागची गॅस कंपनी लेन आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. तो वायू बॉम्बे गॅस कंपनी दगडी कोळशापासून तयार करीत असे आणि अशा कोळसावायूत जवळजवळ निम्मा भाग हायड्रोजनचा असतो. म्हणजे हायड्रोजन या परिसराला नवा नाही. धुराविना तो मिळविण्याचा प्रयत्न मात्र नवा आहे.

खत कारखान्यांना व तेलशुद्धीकरणाला लागणारा हायड्रोजन आज आपल्या देशात मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. एक किलो हायड्रोजनमागे सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. याउलट सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन केले, तर ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो ऑक्सिजन मिळतो. हाच हरित हायड्रोजन. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण स्वीकारले.

मग अडचण कोठे आहे? ती किमतीत आहे. एक किलो हायड्रोजनसाठी सिद्धान्ताप्रमाणे सुमारे ३९ युनिट वीज पुरावी. प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट लागतात. उरलेली ऊर्जा मुख्यतः उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वीज ५ रुपये युनिट धरली, तर ५० युनिटांचे २५० रुपये होतात. यंत्र सुधारून ५ युनिट वाचविले, तर २५ रुपये वाचतात. वीज एका रुपयाने स्वस्त झाली, तर ५०. शिवाय केवळ सूर्यावर चालणारे महागडे यंत्र रात्री बंद राहते, म्हणून सौर व पवन वीज एकत्र जोडावी लागते.

दुसरी वाट आमच्या शेजारीच, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शोधली गेली. ओएनजीसी ऊर्जा केंद्राच्या सहकार्याने तेथे तांबे-क्लोरीन चक्र विकसित झाले. यात विजेचा बराचसा भार सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सिअस उष्णतेवर टाकला जातो. तांबे व क्लोरीनची संयुगे पुनःपुन्हा वापरली जातात आणि खर्ची पडते ते केवळ पाणी. कारखान्यांतील वाया जाणारी किंवा सूर्याची उष्णता येथे उपयोगी पडू शकते. प्रयोगशाळेतील हे यश मोठ्या कारखान्यात उतरविणे, ही खरी कसोटी आहे.

परळच्या बीआयटी चाळीत व पुढे दादरच्या राजगृहात राहिलेल्या बाबासाहेबांनी, मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये, मुबलक व स्वस्त विजेचा आग्रह धरला होता. विजेविना उद्योग नाहीत आणि उद्योगांविना दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांच्या विचाराचा आशय होता. हरित हायड्रोजनचा हिशेब त्याच मुद्द्यावर येऊन थांबतो.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील हजारो घरांचा रोजगार गेला. नवा उद्योग उभा राहील तेव्हा त्याला रसायनतज्ज्ञांबरोबर वेल्डर, पाइप फिटर आणि इलेक्ट्रिशियनही लागतील. कारण हा वायू सहज गळतो, सहज पेटतो आणि काही पोलादांना ठिसूळ करतो. तेव्हा आपली मुले केवळ दारावरचे पहारेकरी म्हणून उभी राहू नयेत, असे आम्हांस वाटते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रांत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस तरी वसतिगृहातील मुलांना द्यावा, ही आमची नम्र विनंती.