सुटकेनंतरचे दोन आठवडे

व्यसन आणि न्यायव्यवस्था : लेखांक ५

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनच्या 'नार्कोटिक फार्म' या व्यसनी कैद्यांच्या तुरुंगवजा रुग्णालयाबद्दल मागच्या लेखांकात वाचल्यावर एक प्रश्न सहज मनात येतो. माणूस चांगला सहा-आठ महिने आत होता, गर्दाला शिवलाही नाही, अंगावर मांस चढलं, झोप लागायला लागली. मग बाहेर पडल्यावर आठवड्याभरात परत तिथेच कसा? घरचे लोक याचं उत्तर दोन शब्दांत देतात: मन कमकुवत. संशोधकांचं उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्याचा संबंध मनापेक्षा श्वासाशी जास्त आहे.

हेरॉइन किंवा गर्द रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते. आज जेवढ्यात भागतं तेवढ्यात महिन्याभराने भागत नाही, म्हणून मात्रा वाढत जाते. सवय नसलेल्या माणसाचा श्वास बंद पाडेल इतकी मात्रा असा माणूस दिवसातून तीन-चारदा पचवतो. अटक झाली की पुरवठा तुटतो. (तुरुंगात नशा मिळतच नाही, असं समजू नये, पण ती महाग आणि बेभरवशाची असते.) मग टर्की येते: उलट्या, जुलाब, हाडं फुटल्यासारखं अंग दुखणं, रात्र-रात्र जागरण. आठवडा-दहा दिवसांत ती ओसरते आणि सगळ्यांना हायसं वाटतं, कैद्याला, घरच्यांना आणि बराकीच्या पहारेकऱ्यालाही. पुढच्या काही आठवड्यांत शरीराची सवय उतरते. तलफ मात्र उतरत नाही. बाहेर पडल्यावर हात जुन्या मात्रेकडे जातो आणि शरीर आता नवख्याचं झालेलं असतं.

याचा हिशोब अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मांडला गेला. जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ जणांच्या नोंदी डॉ. इंग्रिड बिन्सवँगर आणि सहकाऱ्यांनी मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिल्या. २००७ साली निष्कर्ष छापून आले. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता, आणि नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. वय, लिंग, वंश यांचा फरक जमेस धरूनच हे आकडे काढलेले आहेत. तेव्हा 'आत गेला की आपोआप सुटेल' ही समजूत नुसती भाबडी नाही, ती जिवावर बेतणारी आहे.

खरं तर उपायाची दिशा १९६९ सालीच दिसली होती. न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या काही कैद्यांना सुटकेच्या आधी मेथाडोन हे औषध सुरू केलं आणि बाहेर आल्यावर ते चालू ठेवलं. प्रयोग अगदी छोटा होता: औषधाच्या गटात बारा जण, बिनऔषधाच्या गटात सोळा. त्या सोळांपैकी सोळाही जण पुन्हा हेरॉइनला लागले. इतका चोख निकाल वैद्यकात फारसा दिसत नाही. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक तुरुंगांनी या औषधाला दारातच अडवलं.

आक्षेप एकच आणि तो आजही ऐकू येतो: एक नशा सोडवायला दुसरी नशा? मेथाडोन त्याच कुळातलं औषध आहे, हे खरं. पण ते तोंडाने घ्यायचं, हळू चढणारं आणि दिवसभर टिकणारं असतं. योग्य मात्रेवर स्थिरावलेल्या माणसाला ना झिंग येते, ना टर्की. शिवाय शरीराची सवय टिकून राहते, त्यामुळे पाय घसरलाच तर ते घसरणं जीवघेणं ठरण्याची शक्यता कमी होते. मला विचाराल तर हा आक्षेप औषधशास्त्राचा नाहीच. कैद्याला थोडा त्रास व्हायलाच हवा, अशी जी एक न बोललेली अपेक्षा समाजात असते, तिचा तो सभ्य अवतार आहे.

बाल्टिमोरमध्ये टिमोथी किनलॉक, मायकेल गॉर्डन, रॉबर्ट श्वार्ट्झ यांच्या गटाने या प्रश्नाची नीट परीक्षा घेतली. तुरुंगात येण्याआधी हेरॉइनच्या आहारी असलेले दोनशेच्या वर पुरुष कैदी, सुटकेला काही महिने उरलेले, यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या गटाला आत फक्त समुपदेशन. दुसऱ्याला समुपदेशन आणि सुटल्याबरोबर मेथाडोन केंद्रात राखून ठेवलेली जागा. तिसऱ्याला आत असतानाच मेथाडोन: कित्येकांची सवय उतरलेली, म्हणून ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवत नेली. सुटकेनंतर महिन्याभरात उपचारकेंद्राची पायरी चढलेले पहिल्या गटात आठ टक्क्यांच्या आत होते, दुसऱ्यात निम्मे, तिसऱ्यात जवळजवळ ६९ टक्के. वर्षानंतर लघवी तपासली तेव्हा नशेचा अंश पहिल्या गटातल्या सुमारे ६६ टक्के, दुसऱ्यातल्या ४९ टक्के आणि तिसऱ्यातल्या २५ टक्के जणांत सापडला. वर्षभर अखंड उपचारांत टिकलेला पहिल्या गटात एकही नव्हता.

यातला दुसरा गट मला सर्वांत बोलका वाटतो. त्यांची जागा राखून ठेवलेली होती, पत्ता हातात होता, तरी निम्मे पोचले नाहीत. समुपदेशन वाईट होतं असं नव्हे. पण तुरुंगाच्या फाटकापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता नुसत्या चिठ्ठीने पार होत नाही. तिसऱ्या गटातल्या माणसाला उद्याचा डोस चुकवायचा नव्हता, म्हणून तो गेला.

मग ऱ्होड आयलंड. अमेरिकेतलं हे सर्वांत लहान राज्य. कच्चे कैदी आणि शिक्षा झालेले, दोघेही एकाच खात्याच्या ताब्यात, क्रॅन्स्टन इथे. पूर्वी इथेही अटकेआधी मेथाडोन घेणाऱ्याचा डोस उतरवत उतरवत बंद केला जाई. डॉ. जोसाया रिच आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं, की आत औषध चालू ठेवलेल्यांपैकी ९६ टक्के जण सुटकेनंतर महिन्याभरात केंद्रात हजर झाले. जबरदस्तीने बंद केलेल्यांपैकी ७८ टक्के. पुढच्याच वर्षी राज्याने येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करून मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन यांपैकी योग्य ते द्यायला सुरुवात केली. काम दिलं 'कोडॅक' या संस्थेला, आणि इथेच खरी मेख आहे. तिचीच केंद्रं राज्यभर बाहेरही होती. आतली नोंद बाहेर शोधावी लागत नव्हती. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत राज्यात अतिमात्रेने दगावलेल्या १७९ जणांपैकी २६ जण वर्षभराच्या आत तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या पहिल्या सहामाहीत १५७ पैकी ९.

आकडे लहान आहेत, आणि आधी-नंतरची तुलना म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे. त्या वर्षी राज्यात इतर प्रयत्नही चालू होते. म्हणून इंग्लंडचा मोठा अभ्यास जोडीला ठेवावा. तिथल्या ३९ तुरुंगांतून सुटलेल्यांत, औषध चालू असताना बाहेर पडलेल्यांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू औषधाविना सुटलेल्यांच्या मानाने ७५ टक्क्यांनी कमी निघाले.

तुरुंगात हे उपचार प्रत्यक्षात चालवणं मात्र वेळखाऊ आहे. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ कैदी बाकावर बसून, परिचारिका समोर, पहारेकरी बाजूला. मग पाण्याचा घोट, तोंड उघडून दाखवायचं, जीभ वर, गालांच्या आत नजर. गोळी गालात दडवून बराकीत विकली जाते ही भीती खोटी नाही, आणि रोज शंभर-दोनशे माणसांची अशी रांग लावायला मनुष्यबळ लागतं. कारागृह अधिकारी कुरकुरतात त्यात सगळाच हट्ट नसतो.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ३९ आहे. अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, न्यायालय लगेच शिक्षा न देता हमीपत्रावर उपचारांसाठी सोडू शकतं आणि वर्षभराच्या आत उपचारांचा अहवाल मागवू शकतं. तिहारमध्ये २००८ साली ब्युप्रेनॉर्फिनचे उपचारही सुरू झाले. म्हणजे कल्पना परकी नाही. पण हे कलम चालायला न्यायाधीशाला ते आठवावं लागतं, वकिलाने मागावं लागतं आणि जवळपास मान्यताप्राप्त केंद्र असावं लागतं.

आणि एक अगदी कारकुनी वाटणारी गोष्ट. इंग्लंडमध्ये फार मोठ्या संख्येने कैदी शुक्रवारी सुटत, कारण शनिवार-रविवारी येणाऱ्या सुटकाही शुक्रवारवर ओढल्या जात. दुपारी फाटकाबाहेर पडलेला माणूस केंद्रापर्यंत पोचेतो तिथली दारं बंद व्हायची वेळ झालेली असे, आणि पुढे सलग दोन दिवस सुट्टी. औषधाचा पुढचा डोस सोमवारी. नशा विकणाऱ्याला अशी सुट्टी नसते. अखेर २०२३ साली तिथल्या संसदेने त्यासाठी वेगळा कायदाच केला: शुक्रवारी सुटका येत असेल, तर गरजूंना दोन दिवसांपर्यंत आधी सोडता येतं.

(पुढील लेखांक : मायामीचं १९८९ चं पहिलं ड्रग कोर्ट, न्यायाधीश डॉक्टरच्या भूमिकेत)