जागा किती, एवढंच विचारता?

एनसीईआरटीचं अकरावीचं संविधानावरचं पाठ्यपुस्तक 2006 साली आलं. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव त्याचे मुख्य सल्लागार. पुढे या पुस्तकांतले परिच्छेदच्या परिच्छेद गाळले गेले, तेव्हा 2023 मध्ये दोघांनी ‘आमची नावं काढून टाका’ असं लेखी कळवलं. राज्यशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला ती बातमी फार लागली.

आमच्या विषयाचा आधीचा काळ भराभर सांगून टाकतो. रजनी कोठारींनी 1963 मध्ये दिल्लीत सीएसडीएस ही समाजविज्ञानांची संशोधन संस्था उभारली. काम मोठं झालं, पण ते बहुतेक इंग्रजीतच राहिलं. आम्ही वर्गात प्लेटो आणि लास्की शिकवत राहिलो.

खरी जान आली ती 1995 नंतर. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि पुढच्याच वर्षी राजेंद्र व्होरा आणि पळशीकर यांचं ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ मराठीत हातात पडलं. काँग्रेसचा पाया का खचला, हे चहाच्या टपरीवरच्या माणसालाही समजावं अशा भाषेत कुणीतरी पुराव्यानिशी सांगत होतं. 1997 मध्ये सीएसडीएसची निवडणूक-अभ्यास करणारी ‘लोकनीती’ सुरू झाली आणि ठिकठिकाणचे विद्यार्थी मतदानोत्तर पाहणीला जाऊ लागले. मतदारयादीतून निवडलेल्या माणसाच्याच घरी जायचं, शेजाऱ्यावर भागवायचं नाही. मताचा प्रश्न आला की पक्षचिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका हातात द्यायची. त्याने खूण करून, घडी घालून ती पेटीत टाकायची. आपण कुणाला मत दिलं हे दारात उभ्या परक्या पोरासमोर बोलावं लागत नसे, म्हणून उत्तराला वजन होतं. आपल्याकडे गरीब आणि दलित मतदानात मागे नाहीत, कित्येकदा सुखवस्तूंच्या पुढेच आहेत, हे अशा पाहण्यांनी दाखवून दिलं. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत वाहिन्यांचे अंदाज कोसळले, तेव्हा असं का झालं याचा धांडोळा 27 हजारांहून अधिक मतदारांच्या पाहणीतून घेता आला.

मग 2012 आलं. अकरावीच्या त्या पाठ्यपुस्तकातल्या, व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 साली आंबेडकर आणि नेहरूंवर काढलेल्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, पळशीकर आणि यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या दिवसांत जे सहकारी खासगीत हळहळले आणि चारचौघांत गप्प बसले, त्यांच्याबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. विषयाची किंमत लोकांना सांगायची वेळ तीच होती. 2015 मध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक यशवंत सुमंत गेले आणि अवघड विचार सोपा करून सांगणारा आणखी एक आवाज थांबला.

आज राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला फोन येतो तो निवडणुकीत, आणि प्रश्न एकच: जागा किती? त्याने तरी काय करावं? बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. जिल्ह्याच्या दैनिकात लिहिलेल्या लेखाला तिथे कवडीची किंमत नाही. मात्र सगळा दोष व्यवस्थेवर टाकून आमची सुटका होत नाही. ज्या गावांनी ओसरीवर बसवून, पाणी देऊन तासभर उत्तरं दिली, त्या गावांना निष्कर्ष सांगायला आमच्यापैकी किती जण परत गेले?

तिथूनच सुरुवात करा, असं माझं तरुण प्राध्यापकांना कळकळीचं सांगणं आहे. पुढची पाहणी संपली की चार पानी मराठी अहवाल काढा, तो ग्रामपंचायतीत वाचून दाखवा, आणि लोक जे उलटे प्रश्न विचारतील ते लिहून घ्या.