‘१२५’ची वाट पाहताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरच्या संगणकावर विमानं उडवणाऱ्यांना जुन्या ब्रिटिश जेटचं वेड आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये नव्या रूपात आला. पुढे ‘जस्ट फ्लाइट’ या ब्रिटिश कंपनीने बीएई १४६ सारखं प्रवासी जेट त्यात बारकाव्यांसह उतरवलं. मग त्याच्यासारखंच इंग्लंडमधल्या हॅटफिल्डच्या परंपरेतलं ‘१२५’ हे बिझनेस जेटही आपल्या पडद्यावर यावं, असं अनेकांना वाटणं साहजिकच आहे. मात्र हे विमान नेमकं काय आहे आणि त्याच्या चांगल्या प्रतिकृतीकडून काय मागायला हवं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : ‘हॉकर’ नावानेही ओळखलं जाणारं १२५ हे अमेरिकन विमान आहे.

वस्तुस्थिती : विमान अस्सल ब्रिटिश, नावं मात्र अनेक. डी हॅविलँड कंपनीने आपल्या ‘डव्ह’ या पंख्याच्या छोट्या विमानाची जागा घेण्यासाठी ते आखलं. १३ ऑगस्ट १९६२ रोजी हॅटफिल्डहून त्याचं पहिलं उड्डाण झालं. कंपनी हॉकर सिडली समूहात विरघळली आणि डीएच १२५ चं एचएस १२५ झालं. भारतात कानपूरला बनलेलं, आपल्याकडे ‘ॲव्हरो’ म्हणून ओळखलं जाणारं एचएस ७४८ याच समूहाचं. १९७७ मध्ये ब्रिटिश एरोस्पेस स्थापन झाल्यावर एचएस १२५ चं बीएई १२५ झालं. १९९३ मध्ये हा व्यवसाय अमेरिकेच्या रेथिऑनने घेतला आणि ‘हॉकर ८००’ हे नाव रूढ झालं. २०१३ पर्यंत ते बनत राहिलं.

गैरसमज : सगळी १२५ सारखीच, फरक फक्त रंगरंगोटीचा.

वस्तुस्थिती : खरा फरक इंजिनात आहे. सुरुवातीच्या विमानांना ‘व्हायपर’ टर्बोजेट इंजिन होतं. हे इंजिन मुळात जिंडिविक या वैमानिकरहित लक्ष्य-विमानासाठी, थोडा वेळ चालून संपण्यासाठी बनवलं होतं. पुढे तेच इतकं भरवशाचं निघालं की आपल्या हवाई दलाच्या ‘किरण’ या प्रशिक्षण विमानाच्या पहिल्या आवृत्तीतही ते बसलं. व्हायपरचा आवाज कर्कश आणि इंधनाची भूक मोठी.

१९७६ मध्ये ७०० मालिका गॅरेट कंपनीचं टीएफई ७३१ हे टर्बोफॅन इंजिन घेऊन आली. आधीच्या ६०० मालिकेतल्या व्हायपरचा रेटा प्रत्येकी ३,७५० पौंड होता, नव्या इंजिनाचा ३,७००. म्हणजे ताकद तेवढीच, पण इंधनाचा खप खूप कमी, आवाज कमी आणि पल्ला लांब. सिम्युलेटरमध्ये ६०० घेणाऱ्याला उड्डाणाआधी इंधनाचा हिशेब काटेकोरपणे मांडावा लागेल. ७०० किंवा ८०० घेणाऱ्याचा अनुभव त्याहून बराच वेगळा असेल.

गैरसमज : बिझनेस जेट म्हणजे बटण दाबलं की काम झालं.

वस्तुस्थिती : १२५ वैमानिकाच्या हातांनी उडतं. त्याचे एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर हायड्रॉलिकच्या जोरावर फिरत नाहीत, वैमानिकाचा जोर यांत्रिक जोडण्यांतून थेट त्यांच्यापर्यंत जातो. जुन्या मालिकांमध्ये थ्रॉटल आपोआप सांभाळणारी यंत्रणा नाही. बाहेरचं तापमान आणि विमानतळाची उंची पाहून इंजिनाचे फेरे तक्त्यावरून ठरवावे लागतात.

बर्फाची तऱ्हाही निराळी. बहुतेक जेट विमानं इंजिनातली गरम हवा पंखांच्या कडेत सोडतात. १२५ मध्ये पंखाच्या पुढच्या कडेवरच्या बारीक छिद्रांतून बर्फरोधक द्रव पाझरतो. ही टीकेएस यंत्रणा. टाकीतला द्रव मर्यादित असल्याने ढगात शिरण्याआधीच विचार करावा लागतो. प्रतिकृतीत ही टाकी कधीच रिकामी होत नसेल, तर ते १२५ नव्हे.

गैरसमज : चाकं टेकली की लँडिंग संपलं.

वस्तुस्थिती : बऱ्याच १२५ ना इंजिनाचा रेटा उलटवणारे रिव्हर्सर नसतात. म्हणून चाकं टेकताच वैमानिक ‘लिफ्ट डंप’ लावतो. एअरब्रेकची दांडी नेहमीच्या खाचेपलीकडे ओढली की एअरब्रेक पूर्ण उघडतात आणि ४५ अंशांवरचे फ्लॅप ७५ अंशांपर्यंत खाली झुकतात. पंखांची उचल संपते, सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक नीट पकडतात.

चाकं टेकल्यानंतरचे हे क्षण किती निर्णायक असतात, ते ३१ जुलै २००८ रोजी मिनेसोटातल्या ओवाटोना इथे दिसलं. ओल्या धावपट्टीवर उतरलेल्या हॉकर ८०० च्या कॅप्टनने उशिरा पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला, तेव्हा धावपट्टी पुरेशी उरलीच नव्हती. विमानातले आठही जण दगावले. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास यंत्रणेने त्या उशिराच्या निर्णयावर बोट ठेवलं. लिफ्ट डंपची दांडी नेमकी कधी ओढायची, हे सिम्युलेटरवर शिकण्यासारखं आहे.

गैरसमज : शेठजींचं विमान म्हणजे नाजूक प्रकरण.

वस्तुस्थिती : ७ ऑगस्ट १९८८ रोजी बोट्सवानाचे अध्यक्ष क्वेट मासिरे यांचं बीएई १२५ अंगोलावरून जात होतं. अंगोलाच्या मिग-२३ ने सोडलेलं क्षेपणास्त्र त्याला लागलं आणि एक इंजिन तुटून पडलं. तरीही वैमानिकाने उरलेल्या एका इंजिनावर विमान सुखरूप उतरवलं, मासिरे वाचले. रॉयल एअर फोर्सनेही २० विमानं ‘डॉमिनी’ या नावाने घेऊन त्यांवर नॅव्हिगेटर घडवले आणि २०११ पर्यंत ती वापरली.

गैरसमज : बाहेरचं रूप दिसलं, म्हणजे विमान तयारच आहे.

वस्तुस्थिती : बाह्य आकार हा कामाचा दिसणारा भाग. खरा वेळ इंधन, वीज, हायड्रॉलिक आणि बर्फरोधक यंत्रणांची वागणूक लिहिण्यात, आवाज मिळवण्यात आणि उड्डाणाचा स्वभाव खऱ्या आकड्यांशी जुळवण्यात जातो. घरच्या सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी मोजले जात नाहीत, पण कार्यपद्धती समजून घेण्यासाठी असं काम फार मोलाचं ठरतं.

म्हणून १२५ ची घोषणा झालीच, तर चित्रांआधी तीन गोष्टी विचाराव्यात : मालिका कोणती, टीकेएसचा द्रव संपतो का, आणि लिफ्ट डंप न लावता उतरलं तर धावपट्टी अपुरी पडते का.